बोअर उचक्या खातोय, खोडवा ठेवू का मोडू? तुमच्या प्रश्नांना उत्तरं

लातूर, धाराशिव, बीडकडून बऱ्याच जणांचा प्रश्न थोड्याफार फरकानं एकच आलाय, जानेवारी लागला की बोअर अर्धा तास चालतो नि उचक्या खातो, मग उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) ठेवू का मोडू आणि मोडला तर येत्या रब्बीत काय घेऊ.

सरळ सांगतो, कॅनॉल नसेल, भरवसा नुसत्या बोअरवर असेल तर खोडवा मोडा. हिशोब बघा, सुरू (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) उसाला पाटानं हेक्टरी 200 ते 250 सेंमी पाणी लागतं, हरभऱ्याला 25 ते 30. हेक्टरभर रानात एक सेंमी पाणी म्हणजे 1 लाख लिटर, म्हणजे एकरभर ऊस 80 लाख ते 1 कोटी लिटर पिणार आणि एकरभर हरभरा 10-12 लाखात भागवणार. आणि लिटरपेक्षा मला वेळेचं जास्त वाटतं, कारण उसाची खरी तहान मार्च ते मे, जेव्हा जमिनीत वरून काहीच मुरत नाही, आणि हरभरा तर तोवर खळ्यावरून घरात आलेला असतो.

"ठिबक केलंय साहेब, मग काय अडचण?" ठिबक चांगलंच आहे, पाणी बऱ्यापैकी वाचतं, पण होतं काय की वाचलेल्या पाण्यावर माणूस लगेच अजून एक एकर ऊस लावतो. उपसा तेवढाच राहतो, उलट पाटानं दिलेलं जे थोडंफार परत खाली मुरायचं तेही बंद होतं. पाणी वाचलं असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा मोटार कमी तास चालली.

अजून खोल बोअर मारू का, असं चौघांनी तरी विचारलंय. आपल्याखाली काळा पाषाण आहे, पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मांजऱ्यात (मऊ, भोकं असलेल्या खडकात) आणि भेगांत, खाली जावं तशा भेगा कमी होत जातात आणि लागली तरी ती बऱ्याचदा शेजाऱ्याच्या बोअरला जोडलेलीच भेग असते, तुमचं चालू झालं की त्याचं बंद. शिवाय कायद्यानं अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरच्या खाली जायला बंदी आहे, हे एजंट सांगत नाही. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको असं गावानंच ठरवलं आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवतात, एकट्यानं पीक बदलून जे होत नाही ते तसं होतं.

आता पिकं. भारी रानात सोयाबीन निघाल्यावर हरभरा हा माझा पहिला सल्ला. 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर पेरा, बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाला अटकाव करणारी बुरशी) मग रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) चोळा. वाण विजय, दिग्विजय, जाकी 9218 यातलं मिळेल ते, मशीननं काढायचा असेल तर फुले विक्रम, तो उंच वाढतो. दोनच पाणी असेल तर 30-35 दिवसांनी आणि 65-70 दिवसांनी द्या, पाणी आहे म्हणून देत सुटलात तर नुसता पाला माजतो आणि मर (झाड वाळवणारा रोग) लागते.

एका ताईंनी विचारलंय की ऊस गेला तर जनावरांच्या वाढ्याचं (उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याचं) काय. ताई, रब्बी ज्वारी घ्या, दाणा घरात आणि कडबा दावणीला, भारी रानात फुले रेवती नाहीतर परभणी मोती, हलक्यात फुले अनुराधा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, उशीर केला तर खोडमाशी खाते.

करडई सगळ्यात काटक, सोटमूळ खोल जातं, जमिनीतल्या ओलीवर येते. काट्यांमुळे काढायला मजूर मिळत नाहीत हे खरंय, हार्वेस्टर येणार असेल तरच घ्या. बांधाकडच्या मुरमाड तुकड्यात सीताफळ लावा, उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं, पाणी मागत नाही.

पैशाचं विचारणाऱ्यांना, हो, उसाला घेणारा कारखाना ठरलेला आहे, हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो पण खरेदी केंद्र वेळेवर चालू होईलच असं नाही. म्हणून सगळा ऊस एका वर्षात काढू नका. दोन एकर असेल तर जुना खोडवा मोडा, नवीन लावण एक एकर ठेवा, तीही ठिबकवर आणि पाचट (उसाची वाळकी पानं) आच्छादून. दर पंधरवड्याला विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहा, मे महिन्यात ती वही बघून उरलेल्या एकराचं ठरवू.