‘मॅडम, माझ्याकडे किती वर्षं आहेत?’

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर सरकवला. कागदावर पेन्सिलीने केलेली वजाबाकी. पंच्याहत्तरातून अकरा गेले, चौसष्ट. त्यातून आजचं वय सव्वीस गेलं, अडतीस. अडतीसखाली दोन रेघा मारलेल्या.

“यातली शेवटची दहा डायलिसिसवर धरली तर उरली अठ्ठावीस. एवढ्यासाठी कुणाला लग्नाचं विचारायचं का, सांगा.”

दहाव्या वर्षापासून त्याला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. आयुष्य किती, हा प्रश्न मला टाइप वनवाल्यांकडून येतो, त्यांच्या आईवडिलांकडून त्याहून जास्त येतो. पण इतक्या उघडपणे तो क्वचितच कुणी विचारतं. बहुतेक जण झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो बाहेर पडतो.

‘छे, असं काही नसतं’ असं मी म्हटलं नाही. तो आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. स्कॉटलंडमधल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप वन असलेल्या विशीतल्या पुरुषांचं अपेक्षित आयुष्य इतरांपेक्षा सुमारे ११ वर्षांनी कमी, स्त्रियांचं सुमारे १३ वर्षांनी कमी, असं त्यात दिसलं. त्याने तेवढंच वाचलं होतं. मी त्याला विचारलं, हा हिशोब कुणाचा आहे? तो २००८ ते २०१० या काळातल्या मृत्यूंवरून केलेला. त्यात उतारवयात गेलेल्यांपैकी अनेकांचा मधुमेह अशा काळात सुरू झाला होता, जेव्हा घरी रक्तातली साखर बघायची सोयच नव्हती. लघवी तपासून अंदाज बांधायचा आणि इन्सुलिन घ्यायचं. त्याच अभ्यासात, ज्यांच्या किडन्या चांगल्या राहिल्या होत्या त्यांच्यात ही तफावत कमी होती. सरासरी आकडा एका माणसाच्या कपाळावर लिहिता येत नाही.

तो ऐकत होता, पण चेहरा तसाच. मग मी म्हटलं, “साखर बघायचं मीटर आणलंयस? बघू.”

त्याने ते बॅगेच्या तळातून काढलं. शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची, ३१२.

“आकडा बघितला की वाटतं, अजून एक महिना कमी झाला,” तो हळूच म्हणाला. “म्हणून बघतच नाही.”

खरी अडचण इथे होती. आयुष्य कमी होईल या धास्तीने तो नेमकी तीच गोष्ट टाळत होता, जी आयुष्य राखते. हे मी ठामपणे म्हणते, कारण याचा पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १४४१ जणांवर एक अभ्यास झाला. एका गटाची रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आसपास ठेवली, दुसऱ्याची ९ च्या आसपास राहिली. पहिल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचे विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पुढे वर्षानुवर्षं या लोकांची नोंद ठेवली, तेव्हा त्या गटात मृत्यूही कमी दिसले.

पण हे सांगून कुणी उद्यापासून दिवसात सहा वेळा बोट टोचत नाही. आम्ही एवढंच ठरवलं: झोपण्यापूर्वी एकदा बघायचं आणि लिहायचं. ‘चांगली शुगर’, ‘वाईट शुगर’ हे शब्द बंद. जास्त, कमी, एवढंच. वाईट म्हटलं की माणूस स्वतःलाच वाईट ठरवतो, हे मी फार पाहिलंय. इन्सुलिन मात्र कुठल्याही कारणाने बंद करायचं नाही, उलट्या होत असल्या तरी. अशा वेळी किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, तपासून लगेच डॉक्टरांना गाठायचं. तरुण वयात टाइप वनमध्ये जीव जातो तो बऱ्याचदा किटोन वाढल्याने किंवा साखर एकदम खाली गेल्याने. हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्या भेटीला तो चिडून आला. जेवण तेच, डोस तोच, आणि आकडे एक दिवस ६४, दुसऱ्या दिवशी २८९. मी त्याला डॉक्टरांकडे सुया टोचतो त्या जागा दाखवायला पाठवलं. उजव्या मांडीवर लिंबाएवढी मऊ गाठ निघाली. दहा वर्षं तो तिथेच टोचत होता, कारण तिथे दुखत नाही. अशा गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी भसकन रक्तात उतरतं. जागा बदलली आणि डॉक्टरांनी डोस आधी थोडा कमी केला, कारण निरोगी जागी तेच इन्सुलिन जास्त लागू पडतं.

“म्हणजे माझी चूक नव्हती?” त्याने दोनदा विचारलं.

मग डोळ्यांची तपासणी झाली. पडद्यावर अगदी सुरुवातीचे बदल सापडले आणि त्याने रात्री फोन केला. ‘सुरू झालं मॅडम.’ पंधरा-सोळा वर्षांच्या मधुमेहानंतर असे बदल अनेकांत दिसतात, दरवर्षीची तपासणी त्यासाठीच असते, आणि एवढ्यावर बहुतेकदा साखर-बीपी सांभाळून लक्षच ठेवतात, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. माझ्याकडून ते पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं.

पहिल्या भेटीच्या वेळी त्याचं एचबीएवनसी १०.४ होतं, मागच्या महिन्यात ८.१. लघवीतलं प्रथिन, ज्यावरून किडन्यांचं कळतं, ते ठीक आहे. जिला लग्नाचं विचारायचं होतं, तिला त्याने मधुमेहाबद्दल सगळं सांगितलंय, गाठीसकट. साखर खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी परत बघायचं, हे तिने पाठ केलंय म्हणे. लग्नाचं काय ठरलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. पुढच्या भेटीला दोघं येणार आहेत.