‘एक्स्प्लॉइट’ला मराठीत काय म्हणावे : रडीचा डाव, पळवाट की चोरवाट?

प्रश्न असा आहे : महाविद्यालयातल्या ऑनलाइन गेमिंग स्पर्धेची नियमावली मराठीत लिहायची आहे. मसुद्यात ‘वादग्रस्त डावपेचांवर बंदी’ असे एक कलम आहे. त्यात ‘एक्स्प्लॉइट’साठी, म्हणजे गेममधल्या एखाद्या दोषाचा किंवा उणिवेचा फायदा उठवण्यासाठी, ‘रडीचा डाव’ लिहावे, ‘पळवाट’ लिहावे, की भाषांतराचे ॲप सुचवते ते ‘शोषण’?

‘शोषण’ आधी बाजूला काढू. शोषण कामगाराचे होते, कुळाचे होते. गेमच्या नकाशातल्या भिंतीचे कोण शोषण करणार?

‘रडीचा डाव’ कानाला बरा लागतो, पण अर्थाने उलटा पडतो. आउट झालेला गडी ‘मी तयारच नव्हतो’ म्हणून अडून बसतो, ती रडी. ‘रडीचा डाव खडी’ हे बाकीची पोरे त्याला चिडवण्यासाठी म्हणतात. म्हणजे हा शब्द मुळात हार न मानणाऱ्यासाठी आहे, आडमार्गाने जिंकणाऱ्यासाठी नाही. त्या दुसऱ्या प्रकाराला गल्लीत ‘अंचई’ म्हणत. आता ‘रडीचा डाव’ ताणून कुठल्याही लबाडीला लावतात आणि ‘अंचई’ मागे पडली.

नियमावलीत हा शब्द आला तर काय होईल, ते काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या सांघिक गेमच्या एका गाजलेल्या सामन्यावरून दिसते. नोव्हेंबर २०१४, स्वीडनमधली ड्रीमहॅक विंटर स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरी. फ्नॅटिक विरुद्ध एलडीएलसी हे दोन संघ, निर्णायक नकाशा (म्हणजे गेममधले मैदान) ओव्हरपास. पहिल्या अर्धात ३-१२ असे मागे पडलेल्या फ्नॅटिकने दुसऱ्या अर्धात एकमेकांच्या डोक्यावर चढून एक खेळाडू अशा जागी पोहोचवला, की तिथून जवळपास निम्मा नकाशा दिसत होता. सामना त्यांनी १६-१३ असा जिंकला. तक्रार झाली. तपासात आढळले, की मनोऱ्यातला एक गडी डोळ्यांना न दिसणाऱ्या कडेवर उभा होता आणि वरून काही पृष्ठभाग आरपार दिसत होते. पंचांनी आधी दुसरा अर्धा भाग पुन्हा खेळायला सांगितला. मग एलडीएलसीनेही तशीच एक जागा वापरल्याची उलट तक्रार आली, तेव्हा पूर्ण नकाशा पुन्हा खेळायचे ठरले. शेवटी फ्नॅटिकने माघार घेतली आणि पुढे स्पर्धा एलडीएलसीने जिंकली. आता रडी कोणाची? हरल्यावर तक्रार करणाऱ्यांची, की आडजागी चढणाऱ्यांची? दोन्ही बाजू एकमेकांना हेच म्हणू शकतात. असा शब्द कट्ट्यावर ठीक आहे, कलमात नको.

‘पळवाट’ जवळची आहे. ‘कायद्यातली पळवाट’ हा प्रयोग रुळलेलाही आहे. पण पळवाट असते बाहेर पडायला : कर चुकवायचा, जबाबदारी टाळायची, निसटायचे. गेममधला खेळाडू कशातून निसटत नाही. जिथे शिरायला वाट नाही तिथे तो शिरतो. त्यासाठी मराठीत ‘चोरवाट’ आहे. गडाच्या चोरदरवाजासारखी ती आतल्यांनाच ठाऊक असते. ओव्हरपासवरची ती जागा म्हणजे चोरवाट. माझे मत ‘एक्स्प्लॉइट’साठी ‘चोरवाट’ला, आणि क्रियापद म्हणून ‘दोषाचा फायदा घेणे’ याला. ‘गैरफायदा’ मुद्दाम टाळावा, कारण त्यातल्या ‘गैर’ने निकाल आधीच दिलेला असतो आणि पंचाला काम उरत नाही.

आता ‘डावपेच’. हा शब्द आखाड्यातला. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव, आणि समोरच्याला अडकवतो तो पेच. पाळी, खेळाचा एक फेरा, क्लृप्ती आणि कट एवढे अर्थ एकटा ‘डाव’ वाहतो (वरण वाढायचा डाव वेगळाच). पण डावपेच म्हटले की ते नियमांच्या आतले, हे मराठी कानाला न सांगता कळते. ‘कावा’सुद्धा सहसा कपटाचा, पण ‘गनिमी’ जोडला की अभिमानाचा होतो, आणि ‘गनीम’ म्हणजे तर शत्रू. तेव्हा ‘वादग्रस्त डावपेचांवर बंदी’ या शब्दरचनेतच खोट आहे. वादग्रस्त असणे हा दोष नव्हे. जिंकणारा नवा डाव पहिल्यांदा वादग्रस्तच असतो.

उदाहरण डोटा टू या दुसऱ्या सांघिक गेमचे. २०१३च्या द इंटरनॅशनल स्पर्धेत नाव्ही संघाने टाँगफूविरुद्ध दोन पात्रांची जोडी लावली. पज आपला आकडा फेकतो आणि ऐन त्या क्षणी चेन आपल्या शक्तीने पजला स्वतःच्या तळावर परत पाठवतो. आकड्यात अडकलेला प्रतिस्पर्धी पज जिथे असेल तिथे ओढला जातो, म्हणजे थेट पजच्या तळावरच्या, प्रतिस्पर्ध्यांवर मारा करणाऱ्या कारंज्यापाशी. तिथे तो वाचत नाही. प्रेक्षकांत आरडाओरडा झाला, निकाल मात्र कायम राहिला. दोन्ही शक्ती खेळातच दिलेल्या होत्या, वेळ साधणे अवघड होते आणि चेन दिसला की सावध व्हायची सोय समोरच्यालाही होती. पुढे निर्मात्यांनी खेळात बदल करून ती जोडीच मोडली. डाव गेला, खेळणाऱ्यांवर ठपका आला नाही. याला चोरवाट म्हणता येणार नाही.

तिसरा गट सरळ ‘लबाडी’चा. २०२०मध्ये काउंटर-स्ट्राइकमधला एक दोष उघड झाला : संघाच्या प्रशिक्षकाला नकाशावरच्या एका जागी अडकलेला कॅमेरा मिळायचा आणि तिथून प्रतिस्पर्ध्यांची हालचाल दिसायची. ई-स्पोर्ट्समधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या ईएसआयसी या संस्थेने ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. दोष प्रोग्रामचा होता हे खरे, पण ‘मला चुकून दिसले’ हे एका फेरीपुरते चालते. ते तसेच पाहत बसणे ही लबाडीच. बीजीएमआयमध्ये (पबजी मोबाइलच्या भारतीय आवृत्तीत) वेगवेगळ्या संघांनी आतून हातमिळवणी करणे, ज्याला पोरे ‘टीमिंग’ म्हणतात, त्यासाठी तर ‘संगनमत’ हा कोर्टकचेरीतला तयार शब्द आहे. तोच घ्या.

‘कॅम्पिंग’चे भाषांतर ‘लपून बसणे’ करू नका, त्यात भित्रेपणाचा वास येतो. बिबट्या करतो ते ‘दबा धरून बसणे’ अचूक बसते आणि त्यात शिवी नाही. त्याला मनाई करायला जाल तर किती सेकंद बसले की दबा धरला, हे कोण मोजणार? बीजीएमआयसारख्या खेळांत सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, ते दबा धरणाऱ्याला आपोआप उठवते. प्रो कबड्डीतही वेळ काढणाऱ्याला कोणी दोषी ठरवत नाही. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. खेळाची रचनाच बदलली, की बंदीची गरज राहत नाही.

‘बंदी’ हा शब्दही जपून वापरा. आपल्याकडे गेमिंग आणि बंदी हे शब्द शेजारी आले की वाचकाला सरकारी बंदी आठवते, २०२०मधली पबजी मोबाइलवरची. नियमावलीत तीन शब्द वेगळे ठेवा. कृतीला ‘मनाई’, तिने मिळवलेली फेरी किंवा गुण ‘बाद’, आणि माणसाला मुदतीसाठी दूर ठेवायचे तर ‘निलंबन’. तिन्हींना ‘बंदी’ म्हटले की सामन्याच्या मध्येच भांडण होते : फेरी गेली, सामना गेला की स्पर्धाच गेली?

कलमात विशेषण नको, कृती हवी. ‘खिलाडूवृत्तीला बाधा आणणाऱ्या क्लृप्त्या वापरू नयेत’ या वाक्यावर एकही पंच निर्णय देऊ शकणार नाही. काउंटर-स्ट्राइकसाठी असे लिहिता येईल :

‘साथीदाराच्या डोक्यावर उभे राहण्यास मुभा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कडेवर उभे राहण्यास, तसेच भिंत, छत किंवा जमीन आरपार दिसेल अशा जागी जाण्यास मनाई आहे. असे घडलेली प्रत्येक फेरी बाद धरून प्रतिस्पर्ध्यास दिली जाईल. तक्रार नकाशा संपल्यापासून १० मिनिटांच्या आत, फेरीचा क्रमांक देऊन करावी.’

मिनिटे आपल्या सोयीने बदला, फेरीचा क्रमांक मात्र काढू नका. तो नसला की पंचाला सगळे रेकॉर्डिंग पाहत बसावे लागते. आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द कलमात कुठेही घालू नका. मनातले सिद्ध करता येत नाही, आणि पकडलेला प्रत्येक जण ‘जाणूनबुजून नव्हते’ हेच म्हणणार. त्याऐवजी ‘पंचांनी सूचना दिल्यानंतरही’ असे लिहून दुसऱ्या वेळेसाठी निलंबन ठेवा.