मर, मानकूज लागलेल्या पिकांचे अवशेष : कंपोस्ट करावे का, आणि कसे?

हरभऱ्याची काढणी आणि तुरीची मळणी आटोपली की शेतकऱ्यांकडून साधारण एकाच धर्तीचे प्रश्न येतात. रोगट झाडांचे काय करायचे? जाळली तर सेंद्रिय पदार्थ वाया जातो, बांधावर टाकली तर रोग पसरतो, खत केले तर रोग खतातून परत येईल अशी धास्ती वाटते. नेमके विचारले गेलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

प्रश्न : हरभऱ्यात यंदा मर भरपूर होती. उपटलेली झाडे आणि कुटार उकिरड्यात टाकले तर वर्षभरात कुजून रोग संपेल ना?

नाही, संपणार नाही. हरभऱ्यावरील मर (झाड सुकून मरणे) फ्युजारियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे होते. ही बुरशी जाड कवचाचे बीजाणू तयार करते आणि हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षे जिवंत राहू शकते. तुरीची मर वेगळ्या फ्युजारियममुळे होते, तीही मुळांच्या आणि खोडाच्या अवशेषांत सुमारे तीन वर्षे टिकते. इतक्या चिवट बुरशीला उकिरड्यातले एक वर्ष काहीच नाही.

रोगकारक बुरशी मुख्यतः उष्णतेने मरते. झाड कुजून काळे झाले म्हणजे त्यातला बीजाणू मेला असे होत नाही. आपला नेहमीचा उकिरडा म्हणजे खड्डा. त्यात रोज थोडे थोडे टाकले जाते, हवा खेळत नाही, पावसाळ्यात पाणी साचते, त्यामुळे आतले तापमान फारसे वाढत नाही. मग मे महिन्यात ते खत ट्रॉलीने सगळ्या रानात पसरते, आणि एका कोपऱ्यातली मर पुढच्या रब्बीत रानभर दिसू लागते. म्हणून रोगट अवशेष खड्ड्यात नकोत. जमिनीवर ढीग लावावा, तोही एकाच दिवशी पूर्ण.

प्रश्न : मग ढीग कसा लावायचा? किती माल, किती शेण?

१ टन वाळलेल्या रोगट अवशेषांचे (हरभरा, तूर, सोयाबीनचे कुटार, काड्या) प्रमाण असे ठेवावे : ताजे शेण ४०० किलो, हिरवे गवत किंवा बी न धरलेले तण ३०० किलो, युरिया ८ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १० किलो, पाणी ८०० ते १,००० लिटर. यातून कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कर्ब) साधारण ३० च्या आसपास येते आणि ढीग तापायला तेच लागते. ज्यांना युरिया वापरायचा नाही त्यांनी कोंबडी खत वापरावे. त्यात नत्र बरेच असते, पण ते ओले आणि गोळे झालेले असेल तर फोडून मिसळावे.

तुराट्यांसारख्या जाड काड्या कडबाकुट्टीतून २ ते ५ सेंटिमीटरच्या तुकड्यांत काढाव्यात. यात कंटाळा केला तर अख्ख्या काडीच्या गाभ्यात पाणी शिरत नाही, सूक्ष्मजीव पोहोचत नाहीत आणि बुरशी तिथेच सुरक्षित राहते. कुट्टी ढिगाच्या जागेवरच करावी, गोठ्याजवळ नको. तिची धूळ चाऱ्यावर आणि शेणखतावर बसते.

जागा उंचवट्याची हवी, विहिरीपासून आणि पिकापासून दूर, आणि उताराचे पाणी शेतात जाणार नाही अशी. तळाला २० सेंटिमीटर जाडीचा निरोगी पऱ्हाट्यांचा किंवा मक्याच्या धाटांचा थर द्यावा. त्यातून खालून हवा मिळते. शिवाय जमिनीला टेकलेला भाग कायम थंड राहतो, म्हणून तिथे रोगट माल ठेवायचाच नाही. कोरडे कुटार आदल्या दिवशी पाणी मारून भिजवून ठेवावे, कारण एकदम ओतलेले पाणी वाळलेल्या काडीत मुरत नाही, खाली वाहून जाते. मग कुटार, गवत, शेणकाला आणि युरिया एकत्र कालवून ढीग लावावा. जाड जाड थर देण्यापेक्षा कालवलेला माल लवकर आणि सारखा तापतो. रुंदी २ मीटर, उंची दीड मीटर. १ टन मालाला लांबी ३ ते ४ मीटर लागते. दीड मीटर लांबी-रुंदीपेक्षा लहान ढीग उष्णता धरत नाही. माल कमी असेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी एकत्र लावावा.

शेवटी सगळ्या बाजूंनी १० ते १५ सेंटिमीटर जुने कुजलेले खत किंवा निरोगी भुसा लावावा. ढिगाची बाहेरची साल कधी तापत नाही. तिथे रोगट काडी राहिली तर ती जशीच्या तशी जिवंत राहते.

ओलाव्याची परीक्षा मुठीने करावी. माल घट्ट दाबला तर बोटांच्या फटीत थेंब दिसावेत, धार लागू नये. धार लागली तर पाणी जास्त आहे, कोरडे कुटार मिसळावे. मूठ उघडताच माल सुटून पडला तर पाणी कमी आहे.

प्रश्न : ढीग तापला हे कसे ओळखायचे, आणि किती दिवस तापायला हवा?

लांब दांड्याचा कंपोस्ट थर्मामीटर घ्यावा आणि गावात चार जणांनी मिळून वापरावा. तो नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर ढीग तापला आहे, पण हा अंदाजच. मर आणि मानकुजीच्या (जमिनीलगत खोड कुजण्याच्या रोगाच्या) मालासाठी थर्मामीटरच हवा.

नीट लावलेला ढीग दोन ते चार दिवसांत ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. उघड्यावरच्या ढिगासाठी मान्य झालेला निकष असा : ५५ अंश किंवा त्याहून जास्त तापमान १५ दिवस, आणि त्या काळात किमान ५ वेळा उलटापालट. मर, मानकूज आणि खडखड्याच्या (रब्बी ज्वारीवरील रोग) मालासाठी मात्र तीन आठवडे ६० ते ६५ अंशांच्या आसपास ठेवावे, हा माझा आग्रह आहे. खडखड्याच्या बुरशीचे काळे बारीक दाणे आणि मानकुजीचे मोहरीसारखे दाणे उष्णता बरीच सोसतात. फ्युजारियमचे जाड कवचाचे बीजाणूही तसेच. उलट टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा, द्राक्षाचा केवडा, भुरी यांच्या बुरशी या उष्णतेत सहज मरतात.

७० अंशांच्या वर ढीग जाऊ देऊ नये. त्या तापमानात कुजवणारे जिवाणूही मरतात, ढीग अचानक थंड पडतो आणि पुन्हा तापायला वेळ घेतो. ६८ दिसले की पलटी द्यावी.

पलटी म्हणजे नुसते वर-खाली करणे नव्हे. बाहेरची साल आणि तळाचा माल काढून तो नव्या ढिगाच्या पोटात घालायचा, आणि पोटातला माल बाहेर आणायचा. एकदा ५५ गाठले की दर तिसऱ्या दिवशी हे करावे. प्रत्येक पलटीनंतर तापमान उतरते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा चढते. चढले नाही तर पाणी किंवा नत्र कमी पडले आहे असे समजावे. माल कोरडा असेल तर पलटी देताना पाणी शिंपडावे. ओलावा बरोबर असूनही गार असेल तर ताजे शेण कालवावे. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर हवा कोंडली आहे, पलटी देऊन कोरड्या काड्या मिसळाव्यात. अमोनियाचा झणझणीत वास आला तर नत्र जास्त झाले, भुसा घालावा.

ढिगात राखाडी-पांढरा थर दिसला की बरेच जण घाबरतात, रोगाची बुरशी वाढली असे वाटते. तो बहुधा उष्णता मानवणाऱ्या, कुजवणाऱ्या ॲक्टिनोमायसीट्स जिवाणूंचा असतो. मात्र तो राखेसारखा उडत असेल तर ढीग आतून कोरडा पडला आहे, पाणी द्यावे.

प्रश्न : ढीग लावतानाच ट्रायकोडर्मा टाकला तर रोग लवकर जाईल का?

ही चूक सर्वात जास्त होते, आणि त्यात पैसे वाया जातात. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त असली तरी बुरशीच आहे. ज्या उष्णतेने मरीची बुरशी मारायची, त्या उष्णतेत तीही तग धरत नाही. ढीग ४० अंशांच्या खाली उतरून पुन्हा तापेनासा झाला, त्यानंतर चार ते सहा आठवडे मुरू दिला, की मगच ट्रायकोडर्मा मिसळावा : १०० किलो तयार खताला १ किलो. माल सावलीत पसरून ओलसर ठेवावा, वर गोणपाट झाकावे, तीन-चार दिवसांनी हलवावे. १५ दिवसांत खत वापरायला तयार होते. असे २५० किलो खत एक हेक्टरला पेरणीच्या वेळी ओल असताना सरीत द्यावे. त्याच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक मिसळू नये. अकोला, परभणी, राहुरी या कृषी विद्यापीठांकडे आणि कृषी विज्ञान केंद्रांकडे चौकशी करावी, पाकिटावरची उत्पादनाची व अंतिम तारीख पाहूनच घ्यावे.

वेस्ट डिकंपोजरबद्दलही (काडीकचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे द्रावण) असेच विचारले जाते. त्याने कुजण्याचा वेग वाढू शकतो, पण उष्णतेची हमी मिळत नाही. रोगट धसकटांवर शेतातच फवारून मर जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : आमच्याकडे नाडेपचे टाके आहे. त्यातच भरले तर?

निरोगी काडीकचऱ्यासाठी नाडेप उत्तम आहे. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी कमी शेणात भरपूर खत मिळावे म्हणून ही पद्धत बसवली, आणि त्या कामात ती आजही चोख आहे. पण त्यात टाके भरल्यावर उलटापालट नसते, मातीचे प्रमाण मोठे असते आणि जाळीदार भिंतीलगतचा माल थंड राहतो. त्यामुळे रोगट मालासाठी नाडेप वापरू नये.

गांडूळ खतालाही हेच लागू. गांडुळे ३५ अंशांच्या वर जगत नाहीत, म्हणजे गांडूळ खताचा वाफा मुळात थंडच ठेवावा लागतो. रोगट माल आधी ढिगात तापवून घ्यावा, नंतर हवे तर गांडुळांना द्यावा.

प्रश्न : ढिगात चुना किंवा बुरशीनाशक टाकले तर?

चुन्याने युरियातले नत्र अमोनिया होऊन उडते आणि ढीग गार पडतो. बुरशीनाशकाने कुजवणाऱ्या बुरशीच मरतात. दोन्ही नकोत.

प्रश्न : तयार खत कोणत्या पिकाला द्यायचे?

इथे रोगाची ओळख पटलेली हवी. हरभऱ्याच्या मरीची बुरशी हरभऱ्यालाच लागते. म्हणून त्या अवशेषांचे खत पहिल्या वर्षी ज्वारी, गहू, मका यांना द्यावे, हरभऱ्याच्या रानात नको. तुरीचेही तसेच. ढीग कुठे कच्चा राहिला असेल तरी त्या पिकांचे नुकसान होत नाही, पण वाचलेली बुरशी त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकू शकते.

सोयाबीनवरील खोडाचा व मुळांचा कोळशासारखा कुजवा मात्र फसवा आहे. त्याची बुरशी मॅक्रोफोमिना, आणि रब्बी ज्वारीचा खडखड्या तिच्यामुळेच होतो. सोयाबीनचे असे अवशेष तापवून केलेले खतही रब्बी ज्वारीला देऊ नये. मानकुजीची बुरशी (स्क्लेरोशियम) भुईमूग, सोयाबीन, हरभरा, टोमॅटो, मिरची अशा कितीतरी पिकांवर जगते. त्या मालात तीन आठवड्यांचे तापमान पूर्ण झाले नसेल तर तो पुन्हा रचून तापवावा, तसाच वापरू नये.

ढिगाची बाहेरची साल शेवटी वेगळी काढावी. ती पुढच्या ढिगाच्या पोटात जाईल. आणि ज्या फावड्याने, घमेल्याने कच्चा रोगट माल हाताळला, त्यानेच तयार खत भरू नये. अवजारे व बूट माती काढून धुवावेत आणि मग ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात बुडवून काढावेत. महिनाभराची मेहनत इथल्या हलगर्जीपणाने वाया गेलेली दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

प्रश्न : कशाचे कंपोस्ट अजिबात करू नये?

मर लागलेली डाळिंबाची झाडे मुळांसकट काढून बागेबाहेर जाळावीत. जाड लाकूड व मुळे ढिगात पूर्ण तापत नाहीत. तेल्याग्रस्त पाने-फळेही जाळावीत. उसावरील काणीचा चाबूक पिशवीत झाकून कापावा आणि नष्ट करावा, कारण तो हलवला की बीजाणू उडतात. मोझॅकच्या विषाणूचे टोमॅटो-मिरचीचे अवशेषही नकोत, तो विषाणू उष्णतेला दाद देत नाही.

रोगट झाड उपटल्यावर जमिनीत जे उरते त्याचा विचार कंपोस्ट करत नाही. मरीचे ठळक पट्टे असतील तर एप्रिल-मेमध्ये ती जागा नांगरून, सपाट करून, पाणी देऊन २५ मायक्रॉनच्या पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकावी. कडा मातीने गच्च दाबाव्यात. काळे प्लास्टिक चालत नाही, त्याखाली माती तितकी तापत नाही.

प्रश्न : खत रोगमुक्त झाले याची खात्री करायची तर?

प्रयोगशाळेशिवाय करता येते. तयार खताचे ढिगाच्या पाच-सहा जागांवरून नमुने घेऊन एकत्र करावेत. एक भाग खत आणि दोन भाग निरोगी शेतातली माती असे सहा कुंड्यांत भरावे, आणखी सहा कुंड्यांत नुसती तीच माती. प्रत्येकीत हरभऱ्याचे पाच दाणे लावावेत, बीजप्रक्रिया न केलेले. जेजी-६२ हा मरीला हमखास बळी पडणारा वाण मिळाला तर उत्तम, नाहीतर ज्या वाणावर मर आली होती तोच घ्यावा. चाळीस ते पन्नास दिवस पाहावे. झाड सुकले तर ते उपटून खोड उभे चिरावे. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती मरच. खताच्या कुंड्यांत अशी झाडे निघाली आणि मातीच्या कुंड्यांत निघाली नाहीत, तर तो ढीग शेण घालून पुन्हा रचावा आणि थर्मामीटर लावून तीन आठवडे तापवावा.