९५ चा गेम मला कंटाळवाणा वाटतो आणि ७० चा भारी. रिव्ह्यूचे स्कोअर वाचायचे तरी कसे?

तुमचं काही चुकत नाही. प्रश्न वाचून हात शिवशिवले, कारण आमच्या दाजींशी माझा यावरूनच वर्षानुवर्षं वाद चाललाय.

२०१९ च्या पुरात सांगलीतल्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. पीएस४, म्हणजे सोनीचं गेम खेळायचं मशीन, दोन काळ्या पिशव्यांत बांधून डोक्यावर घेतला आणि विश्रामबागला बहिणीकडे महिनाभर मुक्काम ठोकला. दाजींकडे रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या साइटवर, ९७. "हा आवडला नाही तर तुला गेममधलं काही कळत नाही," इति दाजी.

मी एमआर, डॉक्टरांकडे औषधं घेऊन फिरणारा. दिवसभर बाईकवर तासगाव, कवठेमहांकाळ, जत. जेवण झाल्यावर हाताशी उरतो एक तास. त्या तासात काय, तर घोडा बर्फातून चालतोय, हरणाचं कातडं निघतंय, कपाटाचा एकेक खण उघडून डबे उचलले जातायत. पाचव्या रात्री वैतागून माझी डेज गॉनची डिस्क घातली. स्कोअर ७१. त्यात बाईकचं पेट्रोल संपतं, कॅन शोधत पायी हिंडावं लागतं, भंगार गोळा करून ती दुरुस्त करावी लागते आणि मागून शेकड्यानं फ्रीकर, म्हणजे झॉम्बीसारखे प्राणी, धावत येतात. जत रोडला काटा तळाला टेकला की पोटात जो गोळा येतो, तोच इथं सोफ्यावर आला.

दाजी मागून: "एकाहत्तर! रद्दी आहे ती." अहो, कॉलेजात ७१ ला पेढे वाटले असते! मेटाक्रिटिकवर सिनेमाला ६१ पासून हिरवा रंग, गेमला मात्र ७५ लागतात. म्हणून ७१ पिवळा.

डेज गॉनचे मार्क का कापले ते नंतर नीट वाचलं. मिशन तीच तीच, गेम लांबलेला, बग. बग होतेच. पण रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तारीख गाठायची असते, तो अख्खा गेम सलग उरकतो. त्याला 'तेच तेच' टोचणार. मी रोज तासभर खेळतो, मला तेच तेच बरं पडतं. तेव्हा आकडा सोडा, मार्क कशाला कापलेत ते बघा आणि ते तुमच्या वेळापत्रकात टोचतंय का ते ठरवा.

दाजींचं पालुपद, "सरासरी खोटं बोलत नाही." २०१० च्या फॉलआउट: न्यू व्हेगासला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. आता त्या एका मार्कात खेळणाऱ्याला काय फरक कळला असता, दाजी?

हां, मशीनच्या तक्रारी मात्र आवडीनिवडीवर ढकलू नका. सायबरपंक २०७७ चे सुरुवातीचे रिव्ह्यू पीसीवरचे होते. पीएस४ वर त्याची अशी दैना झाली की डिसेंबर २०२० मध्ये सोनीनं तो स्टोअरवरून काढून टाकला. आपल्याकडे आहे त्याच मशीनवरचा रिव्ह्यू वाचा.

आणि रेड डेड वाईट आहे असं मी म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये फिल्डवर्क बंद होतं, दिवसाला पाच-सहा तास मिळाले, तेव्हा पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत नेला. शेवटी घोडा पडतो तिथं पॅड खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. दाजींना यातलं काही माहीत नाही. त्यांची डिस्क अजून माझ्याकडेच आहे.