'कर्मजन': चिडका की चिक्कू?

प्रश्न असा आला आहे: "सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात 'कर्मजन' (curmudgeon) या शब्दापुढे 'चर्ल' आणि 'ग्रायपर' असे प्रतिशब्द आहेत. म्हणजे तेव्हाही अर्थ तिरसट, कुरकुऱ्या असाच होता ना? त्याने दिलेली फ्रेंच व्युत्पत्ती खरी आहे का? शिवाय 'पास्टर्न'ची चूक काय होती तेही सांगा."

नाही, तसा नव्हता. अठराव्या शतकातला कर्मजन मराठी अनुवादात शिरला की त्याचा हटकून 'खाष्ट म्हातारा' होतो, आणि वाचताना दर वेळी माझं डोकं फिरतं. आजच्या इंग्रजीत तो खाष्ट आहे, कबूल. जॉन्सनचा कर्मजन मात्र कवडीचुंबक आहे. 'लोभी, आडमुठा माणूस' अशी सुरुवात करून तो चार प्रतिशब्द देतो, आणि चारही थैलीशी येऊन थांबतात. 'ग्राइप' म्हणजे मुठीत आवळणं. ग्रायपर म्हणजे पैसा आवळून धरणारा, दुसऱ्याला पिळणारा. कुरकुर करणारा ग्रायपर हा विसाव्या शतकातला पाहुणा. 'चर्ल'चे जॉन्सनने तीन अर्थ दिलेत: खेडवळ, उर्मट आणि तिसरा, हो, कंजूष. जुन्या कोशातली व्याख्या वाचायची तर व्याख्येतले शब्दही त्याच कोशात उघडून पाहावे लागतात. एवढा आळस सोडला असता तर हा प्रश्नच पडला नसता.

त्या चारांतला 'मायझर' उघडला तर काय सापडतं पाहा. लॅटिनमध्ये 'मिसेर' म्हणजे बिचारा, दीनवाणा. जॉन्सनही पहिला अर्थ 'हलाखीत सापडलेला' असा देतो आणि मग शेवटचा: श्रीमंतीत असूनही गरिबीच्या भीतीने स्वतःला दीन करून घेणारा. आता आपला 'कृपण' घ्या. संस्कृतात आधी दीन, केविलवाणा, आणि मग कंजूष. गीतेतल्या 'कृपणाः फलहेतवः' मधले कृपण काही पैसे मोजत बसलेले नाहीत, ते कीव करण्याजोगे आहेत. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच वाटेने गेल्या.

आता व्युत्पत्ती, म्हणजे खरी मेजवानी. जॉन्सन लिहितो की हा 'कर मेशां' या फ्रेंच शब्दांचा, म्हणजे दुष्ट हृदयाचा, बिघडलेला उच्चार आहे. आणि पुढे जोडतो, 'एक अज्ञात पत्रलेखक'. माहिती कुणा निनावी माणसाने पत्राने कळवली, एवढंच त्याला म्हणायचं होतं. प्रामाणिक माणूस, उसनं ते उसनं म्हणून नोंदवलं. वीस वर्षांनी, १७७५ मध्ये, जॉन ॲश नावाच्या पाद्र्याने आपला कोश काढला. त्याने जॉन्सनची नोंद समोर ठेवली, फ्रेंच येत नव्हतं, आणि छापून मोकळा झाला: फ्रेंच 'कर' म्हणजे अज्ञात आणि 'मेशां' म्हणजे पत्रलेखक! न वाचता उतरवून काढणाऱ्यांचा याहून मोठा पुरावा कोशांच्या इतिहासात मला माहीत नाही. (देवनागरीत हा शब्द 'कर्म-जन' असा दिसतो, तेव्हा याचं मूळ संस्कृतात शोधणारेही लवकरच उगवतील. त्यांना आत्ताच नमस्कार.)

दुष्ट हृदयाची कथा अर्थात टाकाऊ. ऑक्सफर्डवाले खांदे उडवून 'मूळ अज्ञात' म्हणतात. शब्दांची मुळं शोधणारे अभ्यासक अनातोली लिबरमन गेलिकमधल्या (स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या भाषेतल्या) तिरसट माणसाला लावायच्या एका शब्दाकडे बोट दाखवतात. मग जुना अर्थ कंजूष कसा, ते पटेल असं कुणी सांगत नाही. मला विचाराल तर 'कर्मजन' हा 'कॉर्नमजिन'वरून आला, ही कल्पना इतक्या सहज कटवायला नको होती. फिलेमन हॉलंडने १६०० मध्ये लिव्हीचा रोमचा इतिहास इंग्रजीत आणला. त्यात धान्य दाबून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना दंड झाल्याची नोंद आहे, त्या पैशातून बारा सोनेरी ढाली करून लावल्याचीही. हॉलंड त्या व्यापाऱ्यांना 'कॉर्नमजिन' म्हणतो. कॉर्न म्हणजे धान्य. साठेबाज! पंडितांचा आक्षेप असा की 'कर्मजन' १५७७ मध्येच छापलेला सापडतो, तेव्हा हॉलंडने केलेली ही नुसती कोटी. असेल. पण तेवीस वर्षं आधी छापला गेला म्हणून लोकांच्या तोंडीही तोच आधी होता, हे कुठलं तर्कशास्त्र? १५९४ ते १५९७ इंग्लंडात ओळीने पिकं बुडाली, सरकारी माणसं कोठारं तपासत हिंडत होती. १५९८ च्या फेब्रुवारीत स्ट्रॅटफर्डमध्ये कुणाकडे किती साठा आहे याची यादी झाली, त्यात खुद्द शेक्सपिअरच्या नावावर दहा क्वार्टर (धान्याचं जुनं माप) माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, निघालं. अशा दिवसांत चिक्कू माणसाला लोक 'दुष्ट हृदयाचा' म्हणतील की 'धान्य दडपणारा'? कोटी म्हणा हवं तर, पण ती कोटी वाचकाला तत्काळ कळायला शब्दाचा अर्थ आधीपासून साठवणं-दडवणं हाच असला पाहिजे. माझा मुद्दा एवढ्यावरही उभा राहतो.

त्यामुळे जुन्या मजकुरात 'चिक्कू' किंवा 'कवडीचुंबक' लिहा; आजच्यात 'खाष्ट', 'तुसडा', काय आवडेल ते.

पास्टर्न राहिलंच. जॉन्सनने त्याचा अर्थ 'घोड्याचा गुडघा' असा दिला. खरं तर पास्टर्न म्हणजे खुराच्या लगेच वरचा भाग. गुडघा बराच वर असतो. एका बाईंनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान." दुरुस्ती १७७३ च्या आवृत्तीत झाली.