सिंगापूरचं जंगल हप्त्यांवर, की कात्रज रोखीत?

साताऱ्याच्या शाहूपुरीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या खाजगी शाळेत शिक्षिका, मिस्टर एमआयडीसीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५८,०००. त्यातून घरकर्जाचा हप्ता १६,५००, मुलाच्या शिक्षणासाठी ४,००० ची एसआयपी, २,५०० ची आरडी, आणि सासू-सासऱ्यांच्या औषधपाण्यासकट घरखर्च ३०,०००. दिवाळीला मिस्टरांना २५,००० च्या आसपास बोनस मिळतो. अडीअडचणीसाठी म्हणून एका पतसंस्थेत १,२०,००० ची ठेव आहे.

थोरला नुकताच नऊ वर्षांचा झालाय, धाकटी पाचाची. थोरल्यानं यूट्यूबवर सिंगापूरचं एक प्राणिसंग्रहालय पाहिलं. आख्खं जंगल उभं केलेलं, गुहा, झाडांच्या शेंड्याजवळून जाणाऱ्या वाटा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. टूरवाल्यानं चौघांचं पाच दिवसांचं पॅकेज २,६०,००० ला सांगितलंय. ८०,००० आधी भरायचे, उरलेले १,८०,००० चोवीस हप्त्यांत, '९ टक्के फ्लॅट' व्याजानं. ताईंचा विचार असा, की ८०,००० ठेव मोडून द्यायचे आणि हप्त्यासाठी एसआयपी नि आरडी दोन वर्षं थांबवायची. सासूबाईंचं म्हणणं, "पुण्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन या, वाघ तो वाघच." ताई विचारतात, मुलांच्या आनंदासाठी एवढं कर्ज काढलं तर चुकलं का?

ताई, मुलाला जंगल दाखवावंसं वाटणं यात काही चूक नाही, आणि सिंगापूरची हौसही वाईट नाही. पण तुम्ही पत्रासोबत टूरवाल्याच्या कागदाचा फोटो पाठवलाय तो बरं केलंत. तिसऱ्या दिवसापुढं त्यात लिहिलंय, 'संध्याकाळी नाइट सफारी, एसआयसी'. प्राणिसंग्रहालयाचा उल्लेख कागदभर एवढाच. सिंगापूरला मंडाई नावाच्या भागात एकमेकांना लागून पाच वेगवेगळी उद्यानं आहेत: १९७३ पासूनचं मूळ सिंगापूर झू, १९९४ ची नाइट सफारी, नदीकाठच्या प्राण्यांचं रिव्हर वंडर्स, पक्ष्यांचं बर्ड पॅराडाइज, आणि मार्च २०२५ मध्ये उघडलेलं रेनफॉरेस्ट वाइल्ड एशिया. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. तुमच्या मुलानं पाहिलेल्या गुहा आणि झाडांमधल्या वाटा त्या पाचव्या उद्यानातल्या आहेत. नाइट सफारीत अंधारात ट्रॅममध्ये बसून निशाचर प्राणी बघायचे असतात. तेही छान आहे, पण ते हे नव्हे. म्हणजे अडीच लाखांवर पैसे मोजून पोरगं भलत्याच गेटातून आत जाईल. एसआयसी म्हणजे इतर प्रवाशांबरोबरची सामायिक बस. ती तिच्या वेळेला निघणार, मुलगा कुठं रमला म्हणून थांबणार नाही.

आता व्याज. नऊ टक्के फ्लॅट ऐकायला गोड लागतं. १,८०,००० वर दोन वर्षांचं ३२,४०० व्याज, म्हणजे एकूण २,१२,४००, भागिले चोवीस, हप्ता ८,८५०. यातली मेख अशी, की दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १,८०,००० वरच लावलेलं असतं. घरकर्जाचं व्याज उरलेल्या रकमेवर लागतं. त्या हिशेबानं हाच दर साधारण साडेसोळा टक्के होतो. प्रोसेसिंग फी धरली तर आणखी वर. टूरवाला कार्डावरचा 'नो कॉस्ट ईएमआय' पुढं करील, तर तिथंही सावध. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. ते व्याज किमतीत मुरवलेलं असतं नाहीतर रोख घेणाऱ्याची सूट तुम्हाला नाकारलेली असते, आणि व्याजाच्या भागावर कार्डवाले १८ टक्के जीएसटी लावतात तो वेगळाच.

कागदावर नसलेले खर्चही धरा. चौघांचे पासपोर्ट पाच हजारांच्या आसपास. व्हिसा आणि प्रवासविमा पॅकेजमध्ये आहे का, ते लिहून घेतलेलं नाही. सातारा ते मुंबई विमानतळ गाडीभाडं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतात. तो रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो, पण तोवर पैसा अडकलेला.

मला खरी काळजी वेगळीच आहे. घरकर्ज आणि हा हप्ता मिळून २५,३५० होतात, म्हणजे पगाराचे जवळजवळ ४४ टक्के. घरखर्च आणि घरकर्ज धरून तुमच्या घराला महिन्याला ४६,५०० लागतात. १,२०,००० ची ठेव त्या मानानं अडीच महिन्यांची बेगमी आहे. तीच मुळात कमी आहे. त्यातून ८०,००० काढले की उरलेले ४०,००० एका महिन्यालाही पुरणार नाहीत. घरात शहात्तर वर्षांचे सासरे आहेत, मिस्टरांची नोकरी कंपनीतली आहे. एखादा दवाखाना निघाला तर पुढचं कर्ज साडेसोळा टक्क्यांनीसुद्धा मिळणार नाही, ते सावकारी दराचं असेल.

एसआयपीचंही तसंच. दोन वर्षं थांबवली तर ९६,००० जायचे राहतील. मुलगा अठराचा होईपर्यंत वर्षाला दहा टक्के वाढ धरली (धरली म्हणतोय, मिळेलच असं नाही) तर ती रक्कम दोन लाखांच्या आसपास जाते. तेव्हा त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीला तेवढाच हातभार.

म्हणून माझं सरळ उत्तर: हे पॅकेज या पद्धतीनं घेऊ नका. सासूबाईंचा सल्ला माना, आणि तो रडतखडत मानू नका. कात्रजचा दिवस नीट आखला तर चांगला होतो.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पुणे महापालिकेचं आहे. १९८६ साली तिथं सर्पोद्यान सुरू झालं, पुढं प्राणिसंग्रहालय वाढत गेलं. सुमारे १३० एकरांचा पसारा, मधे तळं, भरपूर झाडी. बरेच मोठे प्राणी पिंजऱ्यात नाहीत, खंदकापलीकडं मोकळ्या आवारात आहेत. सिंगापूर झूची ख्यातीही याच पद्धतीसाठी झाली. वाघ, सिंह, हत्ती, अस्वल, आणि सापांचा भाग तर मुलं सोडत नाहीत. गुहा आणि झुलत्या वाटा नाहीत, हे मुलाला आधीच सांगून टाका, म्हणजे गेटावर तोंड पडणार नाही. बुधवारी बंद असतं. रविवारी इतकी गर्दी असते की वाघापेक्षा माणसांच्या पाठी जास्त दिसतात. तुम्ही शिक्षिका आहात, शाळेला सुट्टी असते. मिस्टरांची एक रजा टाकून नाताळच्या सुट्टीतला मधला वार धरा, बुधवार वगळून. सकाळी उघडतानाच आत शिरा. ऊन चढलं की प्राणी सावलीत जाऊन पडतात आणि मग मुलं विचारत बसतात, "वाघ कुठाय?"

सहा माणसांचा प्रवास कसा करायचा, याचा हिशेब तुम्ही मागितलाय. एसटीचा हिशेब तुमच्या घरासाठी फारच गमतीदार बसतो. सासरे ७५ च्या पुढचे, त्यांना 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेत प्रवास मोफत. तुम्हाला नि सासूबाईंना महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत. दोन्ही मुलांना अर्धं तिकीट. पूर्ण पैसे एकट्या मिस्टरांचे. म्हणजे सहा माणसं तीन तिकिटांत. एका तिकिटाचे दोनशे धरले तरी जाऊन-येऊन १,२००. आधार कार्डं बरोबर ठेवा. एक मात्र बघा, विना वाहक विना थांबा गाडीत बसलात तर ती थेट स्वारगेटला सोडते, आणि तिथून पुन्हा उलटं कात्रजला यायचं. कात्रजला थांबणारी गाडी विचारूनच चढा.

एवढं स्वस्त असूनही तुम्ही एसटीनं जाऊ नये असं मला वाटतं. माझ्या धंद्यातल्या माणसानं असं म्हणू नये, पण संध्याकाळी कात्रजच्या थांब्यावर भरून आलेल्या गाडीत शहात्तरीचे सासरे, झोपलेली पाच वर्षांची पोर आणि दोन पिशव्या घेऊन उभं राहायचं, हे चार हजार वाचवण्यासाठी परवडत नाही. गाडी करा.

गाडीचे दोन भाव तुम्ही लिहिलेत. एकजण अर्टिगाचे ५,५०० म्हणतो, दुसरा ओळखीचा ४,२०० मध्ये यायला तयार आहे, पण त्याची पांढरी पाटी. ती नको. घरगुती वापराची गाडी भाड्यानं चालवली आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. खंबाटकीच्या वळणांवर १,३०० रुपये वाचवण्यात अर्थ नाही. पिवळ्या पाटीवाल्याशी मात्र घासाघीस करा. बरेच गाडीवाले बाहेरगावच्या भाड्याला दिवसाचं किमान ३०० किलोमीटरचं बिल लावतात. तुमचं सातारा-कात्रज जाणंयेणं त्याहून बरंच कमी भरतं, तेव्हा किलोमीटरवर न जाता ठोक भाडं ठरवा. आनेवाडी आणि खेड-शिवापूर, दोन्ही टोल जातानाही लागतात नि येतानाही; ते भाड्यात धरलेत का, आणि ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. फास्टॅगचा वार्षिक पास तुमच्या दिरांच्या गाडीला आहे म्हणता, पण तो फक्त खाजगी गाड्यांना असतो, भाड्याच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. आणि दिरांची गाडी पाच जणांची. सहा माणसं त्यात कोंबू नका.

आतलं तिकीट किरकोळ आहे, मोठ्या माणसालाही शंभराच्या आत. सासू-सासऱ्यांसाठी आत फिरवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आहेत. त्यांचे पैसे वाचवू नका, नाहीतर अर्ध्या वाटेत दोघं बाकावर बसतील नि तुम्ही त्यांच्यापाशी. जेवणाला दशम्या-चटणी घरून न्या. आत काय नेऊ देतात ते गेटावर विचारा, नाहीतर डबा गाडीत ठेवा नि बाहेर येऊन खा. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच राहू द्यात. गाडी, तिकिटं, खाणंपिणं, मुलांचा एखादा रबरी साप, सगळं मिळून ८,००० च्या पुढं जाऊ नये. पुढच्या महिन्यात तुमची १२,००० ची भिशी लागणार आहे, असं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय तुम्ही. झालं, हे पैसे त्यातले. ठेवीला हात नाही, एसआयपीला हात नाही. उरलेले ४,००० सिंगापूरच्या नावानं बाजूला टाका.

हो, सिंगापूरच्या नावानं. ते मी खोडलेलं नाही. हप्त्यासाठी तुम्ही आरडीचे २,५०० आणि घरातून आणखी २,३५० काढणारच होता ना? तेच ४,८५० आता नव्या आरडीत लावा. वर्षाला साडेसहा टक्के धरले तर तीन वर्षांत १,९२,००० च्या आसपास होतात. दिवाळीचे तीन बोनस त्यात टाकले तर २,६७,०००. तोवर पॅकेज महागलेलं असेल, थोडी भर घालावी लागेल, पण कर्ज नसेल. फक्त एक तारीख डोक्यात ठेवा: १२ वर्षं पूर्ण झाली की विमानात मुलाचं भाडं मोठ्या माणसाचं होतं. तो नुकताच नऊचा झालाय, म्हणजे तीन वर्षं भरता भरताच बारा गाठेल. त्यामुळं आरडीचे शेवटचे एक-दोन हप्ते राहिले तरी चालतील, पण त्याच्या बाराव्या वाढदिवसाआधीची सुट्टी पकडायची. त्या वेळी टूरवाल्याकडून कुठल्या उद्यानाचं तिकीट, ते नावानिशी लिहून घ्या. सहा महिन्यांत ४,८५० चा हप्ता दोनदा चुकला, तर ८,८५० चा कसा निभला असता, हे तुम्हा दोघांना आपोआप कळेल.

सागरेश्वरबद्दलही विचारलंय. मिस्टरांना जवळ काहीतरी हवंय म्हणून. सांगली जिल्ह्यातलं ते अभयारण्य माणसांनी झाडं लावून उभं केलेलं आहे, हरणं, काळवीट दिसतात, खर्च नगण्य. पण तिथं वाघ-सिंह नाहीत. वाघासाठी हटून बसलेल्या मुलाला तिथं नेऊ नका; पुढच्या पावसाळ्यानंतर वेगळी सहल म्हणून न्या.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. ठेव पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा महामंडळाचं) पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, सहकारी आणि जिल्हा बँकांनासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमची पतसंस्था चांगली असेलही, पण घरातला एकमेव राखीव पैसा अर्ध्या-पाऊण टक्का जास्तीच्या व्याजासाठी तिथं नको. आता मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका. पावतीवरची मुदत संपेल त्या दिवशी रक्कम बँकेत वळवा, आणि पावतीवर 'आपोआप नूतनीकरण' असं लिहिलेलं असेल तर ते रद्द करायचा अर्ज आठ दिवस आधी देऊन ठेवा.