लघवी नीट होत असताना रक्तातलं पोटॅशियम का वाढतं?

तुम्ही लिहिलंय की आईंना मधुमेह आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम किती मंदावलंय ते दाखवणारा आकडा) २.१ आणि पोटॅशियम ५.८, म्हणजे वाढलेलं, आलंय. लघवी रोजच्यासारखी होते, मग पोटॅशियम अडलं कुठे? मी डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण नातेवाइकांचा हा नेहमीचा प्रश्न.

लघवी होणं आणि पोटॅशियम बाहेर पडणं ही दोन वेगळी कामं आहेत. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यात साधारण २७ ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातलं ९० टक्के, हे गाळलेलं पाणी किडनीतल्या ज्या बारीक नलिकेतून पुढे जातं, तिच्या सुरुवातीच्या टप्प्यांतच रक्तात परत ओढलं जातं. लघवीत जे उतरतं ते बहुतेक शेवटच्या टप्प्यातल्या पेशींनी रक्तातून उचलून मुद्दाम सोडलेलं असतं. हे चालतं अल्डोस्टेरॉन या हार्मोनच्या हुकमावर. ते त्या पेशींना सोडियम आत घ्यायला लावतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर पडतं. टेल्मिसार्टनने अल्डोस्टेरॉन कमी होतं, आणि जुन्या मधुमेहात ते मुळातच कमी बनत असतं बऱ्याचदा. त्यामुळे लघवी भरपूर, पण तिच्यात पोटॅशियम कमी.

पण म्हणून टेल्मिसार्टन मनाने बंद करू नका, किडनी सांभाळायलाही तीच दिलेली असते. डोस कमी करायचा की सोबत दुसरी गोळी जोडायची, ते डॉक्टर बघतील. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या आणल्या असतील तर त्या मात्र आजच थांबवा आणि डॉक्टरांना तसं सांगा. त्यांनीही पोटॅशियम चढतं.

किडनीच्या पेशंटने शहाळं प्यायलं की एवढी बोलणी का बसतात? शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्त धरून, जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम. तेवढं तर आपण दिवसभरात खातो! निरोगी माणसात जेवणानंतर इन्शुलिन ते पेशींत ढकलतं आणि किडनी पुढचे काही तास सावकाश बाहेर टाकत राहते. आईंच्या बाबतीत दोन्ही बाजू लंगड्या आहेत, आणि एका शहाळ्याच्या पाण्यात अर्धा ग्रॅम सहज निघतो.

भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, पोटॅशियम पाण्यात उतरतं. याच कारणाने कटाची आमटी आईंना वाढू नका. पुरणाच्या डाळीतून सुटलेलं सगळं त्या कटात असतं. आणि घरात 'लो सोडियम' मीठ असेल तर पाकीट उलटून वाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनीच्या पेशंटला 'तब्येतीला चांगलं' म्हणून हे मीठ देणारी घरं मी पाहिलीत. सैंधव वेगळं, ते जवळपास साधं मीठच.

कधीकधी आकडा खोटाही असतो. पट्टा घट्ट बांधून, मूठ बराच वेळ उघड-मीट करायला लावून रक्त काढलं, किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या, की पोटॅशियम वाढलेलं दिसतं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, फिकट पिवळं असायला हवं. गुलाबी असेल तर नमुना पुन्हा द्यावा लागतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' (रक्तपेशी फुटलेल्या) असा शेरा आहे का बघा.

पण खोटाच असेल असं धरून थांबू नका. डॉक्टरांना आजच फोन करा, ईसीजी आणि फेरतपासणी लगेच करून घ्या. पायांत एकदम अशक्तपणा, छातीत धडधड किंवा चक्कर असेल तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढा वेळ तग धरतं. मग इन्शुलिन-ग्लुकोजने ते पेशींत ढकलतात.